‘मूनटॅन’ कसा ऐकावा : गोल्डन इअररिंगकडे नव्याने येणाऱ्यांसाठी

‘रडार लव्ह’ तुमच्या कानावर कधी ना कधी पडलंच असणार. लांबच्या प्रवासासाठी लोक गाण्यांच्या याद्या बनवतात, त्यांत ते हमखास असतं. बँडचं नाव मात्र बऱ्याच जणांना सांगता येत नाही, आणि आलं तरी ही मंडळी इंग्लंडची किंवा अमेरिकेची असावीत असा समज असतो. ती आहेत नेदरलँड्समधल्या हेग शहराची. बँडचं नाव गोल्डन इअररिंग.

माझी सुरुवातही त्या एका गाण्यानेच झाली. मावसभावाने कुणाकडून तरी भरून आणलेली एक कॅसेट होती. तिच्या लेबलवर निळ्या बॉलपेनने नुसतं ‘रडार’ असं लिहिलेलं. गाणं संपलं की आम्ही टेप मागे न्यायचो आणि पुन्हा तेच लावायचो. त्या गाण्याच्या मागेपुढे एक अख्खा अल्बम आहे, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. कळलं तेव्हा चुटपुट लागून राहिली, की एवढी वर्षं आपण दारातूनच परत फिरत होतो.

तो अल्बम म्हणजे १९७३ सालचा ‘मूनटॅन’. सुमारे ४० मिनिटांचा. ‘रडार लव्ह’ त्यातली साडेसहा मिनिटं. बाकीच्या तेहेतीस-चौतीस मिनिटांपर्यंत तुम्हाला नेऊन पोचवावं, म्हणून हा लेख. हार्ड रॉक कधीच ऐकलं नसेल तरी चालेल. फक्त सांगतो त्या क्रमाने चला.

आधी माणसं ओळखा

नुसती नावं पाठ करायची नाहीत. कोण काय वाजवतं हे माहीत असलं की कानाला धरायला काहीतरी मिळतं, एवढ्यासाठी हे.

१९६१ मध्ये १३ वर्षांचा जॉर्ज कोयमन्स आणि त्याच्या शेजारी राहणारा, त्याच्याहून थोडा मोठा रिनस गेरिटसन यांनी मिळून बँड काढला. आधीचं नाव टॉर्नेडोज. त्याच नावाचा एक इंग्लिश बँड आहे असं कळल्यावर ते गोल्डन इअररिंग्ज झाले, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस शेवटचा ‘ज’ गळून नुसतं गोल्डन इअररिंग उरलं. जॉर्ज गिटार वाजवतो, गातो आणि बहुतेक चाली बांधतो. रिनस बेस गिटार (खालच्या, जाड स्वरांची गिटार) आणि कीबोर्ड सांभाळतो. (त्याचं आडनाव आपण ‘गेरिटसन’ लिहितो खरं, पण डच ‘ग’ घशातून येतो, आपल्या ‘ख’च्या जवळचा. मराठी जिभेला तो जमायला काही अडचण नाही.)

मुख्य गायक बॅरी हे. याचं आपल्याशी एक खरंखुरं नातं आहे. बॅरीचा जन्म १९४८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशातल्या फैजाबादचा. वडील स्कॉटिश लष्करी अधिकारी, आई डच. आठेक वर्षांचा असताना तो आईबरोबर नेदरलँड्सला गेला. हा तपशील मी नुसता गंमत म्हणून सांगत नाही. त्या काळात युरोपातले बरेच बँड इंग्रजीत गात, पण ऐकताना ती भाषा परकी असल्याचं जाणवे. बॅरी लहानपणापासून इंग्रजीत वाढलेला. त्यामुळे त्याच्या ओळी बोलल्यासारख्या सहज येतात. ‘मूनटॅन’मधले शब्द मुख्यतः त्याचे आहेत. शिवाय तो बासरी आणि सॅक्सोफोनही वाजवतो.

ड्रम्सवर सेझार झाउडरवाइक. तो १९७० मध्ये आला आणि चौकडी पूर्ण झाली. तेव्हापासून ही चार माणसं शेवटपर्यंत एकत्र राहिली. मधल्या काळात पाचवा, सहावा माणूस आला आणि गेला, पण हे चार खांब हलले नाहीत. रॉकच्या जगात असं फार क्वचित घडतं.

हेगबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. साठच्या दशकात या शहराला ‘बीटस्टाड’ म्हणत, म्हणजे बीट संगीताचं, गिटार-ड्रम्सच्या ठेकेबाज गाण्यांचं शहर. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथली डच-इंडोनेशियन कुटुंबं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली आणि त्यांच्या पोरांनी येताना गिटार आणली. ‘इंडोरॉक’ नावाचा एक झणझणीत प्रकार त्यातून जन्मला आणि हेगची तरुण पोरं तो ऐकत मोठी झाली. ‘व्हीनस’ हे गाणं घेऊन १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला शॉकिंग ब्लू हा बँडही हेगचाच. तेव्हा गोल्डन इअररिंग आकाशातून पडलेला नाही. भोवती जमीन कसलेली होती.

कोणता ‘मूनटॅन’ ते आधी बघा

नवखा माणूस हटकून फसतो तो इथे. ‘मूनटॅन’ नावाचे दोन वेगवेगळे अल्बम आहेत असं समजूनच चला.

मूळ डच आवृत्तीत सहा गाणी आहेत. पहिल्या बाजूला ‘कँडीज गोइंग बॅड’, ‘आर यू रिसीव्हिंग मी’ आणि ‘सूझी लूनसी’. दुसऱ्या बाजूला ‘रडार लव्ह’, ‘जस्ट लाइक व्हिन्स टेलर’ आणि ‘द व्हॅनिला क्वीन’.

अमेरिकन आवृत्तीत पाचच गाणी. ‘रडार लव्ह’ उचलून अगदी सुरुवातीला ठेवलेलं. ‘सूझी लूनसी’ आणि ‘व्हिन्स टेलर’ गायब. त्यांच्या जागी ‘बिग ट्री, ब्लू सी’ हे आठ मिनिटांचं गाणं, जे बँडने १९७० च्या आपल्या अल्बममध्ये आधी केलं होतं आणि इथे नव्याने वाजवलं.

दोन्ही आवृत्त्या आजही बाजारात आणि स्ट्रीमिंगवर फिरत असतात. ओळखायची खूण सोपी आहे: पहिलं गाणं बघा. ‘कँडीज’ असेल तर डच, ‘रडार लव्ह’ असेल तर अमेरिकन. कव्हरवर जाऊ नका. डच कव्हरवर पिसं ल्यालेली, जवळपास विवस्त्र नर्तिका आहे. अमेरिकेत ते चित्र खपवून घेतलं जाईना, म्हणून तिथल्या कव्हरवर कानाचं जवळून घेतलेलं चित्र आणि त्या कानात सोनेरी डूल आला. पण नंतरच्या काळात निघालेल्या प्रतींमध्ये कव्हर एक आणि गाणी दुसरी असाही घोळ आढळतो. यादी वाचल्याशिवाय खात्री धरू नका.

मी स्वतः यात पोळलो आहे. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून जुनी रेकॉर्ड मागवली. वर्णनात ‘मूळ प्रत’ असं लिहिलेलं. पैसे भरले, टपालाचे वेगळे, वर कस्टमचे. पाकीट उघडलं तर आत पाच गाण्यांची अमेरिकन प्रत. ती मूळ अमेरिकन प्रत होती, त्यामुळे विक्रेत्याला खोटं पाडायलाही जागा नव्हती. त्या दिवसापासून रेकॉर्ड घेण्याआधी मी मागच्या कव्हरचा फोटो मागतो. तुम्हीही मागा.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने डच आवृत्ती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच. स्ट्रीमिंगवर फक्त अमेरिकन आवृत्ती दिसत असेल, तर बँडच्या संग्रहांमधून ती दोन गाणी शोधा आणि वर दिलेल्या क्रमाने स्वतःची यादी बनवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका

हे मी कळवळून सांगतो आहे. या अल्बमचा प्राण बेस गिटारमध्ये आहे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. तुम्हाला वरवरची किणकिण ऐकू येईल आणि ‘ठीक आहे’ म्हणून तुम्ही पुढच्या गाण्यावर जाल. साधे वायरचे इअरफोन चालतील. घरात जुना म्युझिक सिस्टीम धूळ खात पडला असेल तर त्याला तार जोडा.

शफल बंद करा. एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय ॲपमध्ये चालू असेल तर तीही बंद. ‘बेस बूस्ट’च्या मोहात पडू नका. बेस फुगवला की तो घुमायला लागतो आणि त्यातलं बोटांचं काम कळेनासं होतं.

आणि ४० मिनिटं मोकळी ठेवा. जेवताना नको, चॅट करत नको. रात्री दिवे मालवून ऐकलात तर फारच उत्तम. अल्बमचं नावच त्याला साजेसं आहे: उन्हात रापलेल्या कातडीला इंग्रजीत सनटॅन म्हणतात, त्यावरून बेतलेला शब्द मूनटॅन. चांदण्यात रापणं.

पहिली बैठक

पहिल्या वेळी काहीही शोधू नका. नुसतं ऐका. खाली सांगतो ती फक्त वाटेवरची ठिकाणं, म्हणजे मधेच ‘हे काय चाललंय’ म्हणून तुम्ही बंद करणार नाही.

‘कँडीज गोइंग बॅड’ची सुरुवात जाडजूड, करकरीत गिटारने होते. रिफ म्हणतात तो हाच: चार-सहा स्वरांचा तुकडा, जो पुन्हा पुन्हा येतो आणि गाण्याचा कणा होतो. साडेतीन-चार मिनिटांत गाणं संपलं असं वाटेल. संपत नाही. गाणं गाऊन झालं की मंडळी वेग उतरवतात आणि एका धुक्यासारख्या संथ वाटेवर वळतात. इथेच नवे श्रोते ‘पुढचं’चं बटण दाबतात. दाबू नका. हा उत्तरार्ध मला मूळ गाण्याइतकाच प्रिय आहे. मघाशी तावातावाने वाजवणारी तीच चार माणसं किती कमी वाजवूनही पकड सोडत नाहीत, ते इथे कळतं.

‘आर यू रिसीव्हिंग मी’ साडेनऊ मिनिटांचं. यात पाहुणा सॅक्सोफोनवादक बर्टस बोर्गर्स येतो. या गाण्यात खोल्या आहेत. एकीतून दुसरीत जाताना ताल, वजन, उजेड सगळं बदलतं. पहिल्यांदा थोडं हरवल्यासारखं होईल. होऊ द्या. तिसऱ्यांदा ऐकताना खोल्या ओळखीच्या झालेल्या असतात.

‘सूझी लूनसी’ हलकंफुलकं, उड्या मारत जाणारं गाणं. आधीच्या साडेनऊ मिनिटांनंतर खिडकी उघडल्यासारखं वाटतं. अमेरिकन आवृत्तीत हे नाही. म्हणूनच मी डच आवृत्तीचा आग्रह धरतो. सलग जड गाण्यांमध्ये श्वास घ्यायला ही एक जागा आहे, आणि ती बँडने विचार करून ठेवलेली आहे.

यानंतर रेकॉर्ड उलटायची. स्ट्रीमिंगवर असाल तरी इथे दोन मिनिटं थांबा, पाणी प्या. दुसऱ्या बाजूची सुरुवात ‘रडार लव्ह’ने होते आणि तिला शांततेतून येऊ देणं फार महत्त्वाचं आहे.

‘रडार लव्ह’ : इथे जरा रेंगाळू

जॉर्जची चाल, बॅरीचे शब्द. नेदरलँड्समध्ये पहिला क्रमांक, ब्रिटनमध्ये सातवा, अमेरिकेत १९७४ मध्ये तेरावा. त्याच्या जोरावर ‘मूनटॅन’ अमेरिकेच्या अल्बम-यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्याला मोठ्या खपाची पावती म्हणून दिलं जाणारं गोल्ड रेकॉर्ड मिळालं. आकडे एवढे पुरेत.

आता कान द्या. सुरुवातीला गिटार आणि ड्रम्स मिळून दणक्यात प्रवेश करतात. वाटतं, आता हा दणका असाच चालणार. आणि मग सगळं एकदम खाली बसतं. उरतो फक्त बेस आणि ड्रम्सचा झुलता ठेका. रिनसची ती बेसची ओळ म्हणजे रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर एका लयीत लागलेलं इंजिन. गिटार गप्प. बॅरी गायला लागतो तो या जवळपास रिकाम्या जागेत, आवाज न चढवता.

हार्ड रॉक म्हणजे सतत गोंगाट अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा तुकडा दहा वेळा ऐकावा. गाण्यातला ताण इथे न वाजवण्यातून येतो. आपल्याकडे तबल्याचा सोलो चालू असताना हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरतात. तीच छोटी ओळ पुन्हा पुन्हा, न कंटाळता, न वाढवता. तबलजी कुठेही जाऊन आला तरी लेहऱ्यामुळे त्याला आणि ऐकणाऱ्याला सम सापडते. रिनसचा बेस या गाण्यात नेमकं हेच काम करतो. मला ही गोष्ट उमगली त्या दिवशी हे गाणं नव्याने उघडलं. तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकणारे असाल, तर तुमच्यासाठी या अल्बमचा दरवाजा हाच.

आता गोष्ट. एक माणूस रात्रभर गाडी हाकतो आहे. हात घामेजलेले. पहाटेचे साडेचार वाजलेत. दूर कुठेतरी त्याची प्रेयसी एकटी आहे आणि ती त्याला बोलावते आहे, तेही फोनशिवाय, पत्राशिवाय. दोघांमध्ये रडारसारखी एक लहर आहे, तिच्यावरून तिची हाक त्याच्या डोक्यात पोचते. रेडिओवर एक विसरलेलं गाणं लागलेलं असतं, ब्रेंडा ली या अमेरिकन गायिकेचं. बॅरीने तिच्या १९६६ सालच्या ‘कमिंग ऑन स्ट्राँग’ या गाण्याचं नाव ओळीतच गुंफलं आहे. ऐकताना वाटतं की तो रेडिओच्या आवाजाबद्दल बोलतोय, पण तेच गाण्याचं नावही आहे.

मध्यावर बॅरीचा आवाज थांबतो. ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे ठोसे यायला लागतात, एकावर एक चढत जातात, आणि सेझार ड्रम्सवर मोकळा सुटतो. मंचावर हाच भाग ते ताणून कितीतरी लांब करत, आणि सेझार आपला सोलो संपवताना चक्क ड्रम्सवरून उडी मारून पुढे येत असे. रेकॉर्डवर सगळं आटोपशीर आहे, पण तो उकळता जोर तसाच.

मग शेवटचं कडवं. इथे शब्दांकडे नीट लक्ष द्या, कारण बरेच जण वर्षानुवर्षं गाऊनही हे निसटू देतात. तो म्हणतो, आलोच आता, जपून चालवायला हवं. पुढची शेवटची गाडी ओलांडायला तो निघतो. नंतर गाड्यांची रांग संथ होते. रेडिओवर तेच विसरलेलं गाणं पुन्हा लागतं आणि पाठोपाठ बातम्या: आणखी एक गेला. आधीच्या कडव्यातला तो रेडिओ आता एका बंद पडलेल्या गाडीत वाजतो आहे. बॅरीने अपघात असा शब्द वापरलेला नाही. रांग मंदावल्याचं सांगितलं आणि सोडून दिलं. आणि सूर तरीही थांबत नाहीत. पुढच्या ध्रुवपदात ती लहर चालूच आहे. गाणाऱ्याचं काय झालं हे कळल्यावर तेच ध्रुवपद अंगावर येतं.

मी ज्यांना ज्यांना हे गाणं ऐकवलं, त्यांना आधी शेवटचं कडवं वाचायला लावलं. ज्यांनी तसं केलं नाही त्यांना गाडीचं जोशपूर्ण गाणं एवढंच मिळालं.

१९८९ मध्ये व्हाइट लायन या बँडने हे गाणं आपल्या पद्धतीने केलं. सगळं काही ऐकून झाल्यावर तेही ऐका. तिथे गिटार जास्त आहे. त्यामुळे मूळ गाण्यातल्या मोकळ्या जागेची किंमत आणखी कळते.

उरलेली दोन

‘जस्ट लाइक व्हिन्स टेलर’ हा साधा, रांगडा रॉक अँड रोल. व्हिन्स टेलर हा खराच गायक होता, जन्माने इंग्लिश, काळ्या चामड्याच्या कपड्यांतला, फ्रान्समध्ये फार गाजलेला. ‘रडार लव्ह’च्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला हेच गाणं होतं. साडेचार मिनिटांत संपतं. पाय हलवा आणि पुढे चला.

‘द व्हॅनिला क्वीन’ हे मात्र माझ्या मते या अल्बमचं खरं शिखर. सव्वानऊ मिनिटं. सुरुवात सिंथेसायझरच्या स्पंदनाने, जणू एखादं यंत्र अंधारात धडधडतंय. त्यावर हळूहळू बँड चढतो. मध्ये सगळं निवतं, अकूस्टिक गिटार येते, आवाज मऊ होतो. आणि मग शेवटाकडे वाद्यवृंदाचा भरणा होत जातो, हार्ड रॉकच्या बँडकडून आपण अपेक्षाही करणार नाही इतका. जॉर्जची गिटार त्या सगळ्याच्या वरून वाट काढते.

अमेरिकन आवृत्तीत हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी येतं. तिथे ते वाईट वाटतं असं नाही, पण त्याच्यानंतर काही ऐकायला लागणं मला पटत नाही. इतका मोठा शेवट झाल्यावर थोडा वेळ काहीच नको असतं.

‘बिग ट्री, ब्लू सी’ तुमच्याकडे असेल तर ते वेगळ्या दिवशी स्वतंत्र ऐका. त्यातली बॅरीची बासरी सुंदर आहे. पण ते गाणं आधीच्या काळातलं, आधीच्या मनाचं, आणि ‘मूनटॅन’च्या रात्रीत ते मला दिवसाउजेडी आल्यासारखं वाटतं.

दुसरी बैठक, तिसरी बैठक

दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा. या वेळी फक्त बेस ऐका, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अवघड वाटत असेल तर बेसबरोबर हळू आवाजात गुणगुणत राहा. शब्द सोडा, गिटार सोडा. रिनस बहुतेक वेळा डॅनइलेक्ट्रो लाँगहॉर्न नावाचा बेस घेऊन उभा राहिलेला दिसतो, दोन शिंगं बाहेर आलेला, बघायला खेळण्यासारखा आणि वजनाला हलका. त्याच्या फोटोंमध्ये तो चटकन ओळखू येईल.

तिसऱ्यांदा सेझारचे ड्रम्स. त्यातही उजव्या-डाव्या हाताचं काम सोडून तो कुठे थांबतो तेवढंच बघा.

आणि चौथ्यांदा पुन्हा सगळं एकत्र. तोपर्यंत गाण्याची घडण कानात बसलेली असते.

रेकॉर्ड घ्यायची असेल तर

हौस म्हणून जुनी एलपी घ्यायची असेल तर डच प्रत पॉलिडोरची, ब्रिटिश ट्रॅकची आणि अमेरिकन एमसीएची. ट्रॅक ही ‘द हू’ या बँडच्या व्यवस्थापकांनी काढलेली कंपनी. गोल्डन इअररिंगने १९७२ मध्ये द हूबरोबर युरोपचा दौरा केला आणि तिथून हे दार उघडलं. पुढे ते अमेरिकेत स्वतः दौऱ्यावर गेले तेव्हा किस आणि एरोस्मिथ यांच्यासारखे बँड त्यांच्या आधी मंचावर येऊन वाजवत. दोघांची पुढची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो, तबकडी वाकलेली आहे का, आणि ‘आर यू रिसीव्हिंग मी’च्या शांत जागी चरचर किती आहे. शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खरंच वाजवून बघतो, नाहीतर नुसता डोळ्यांनी अंदाज सांगतो. किंमत पटत नसेल तर सोडून द्या. नव्याने रीमास्टर होऊन निघालेल्या प्रती ऐकायला चांगल्या आहेत आणि पहिल्या खेपेला तेवढ्या पुरतात.

इथून पुढे

‘मूनटॅन’ हा त्यांचा नववा स्टुडिओ अल्बम. म्हणजे मागे आठ आहेत आणि पुढेही बरेच. सगळे एकदम घेऊन बसू नका.

मागे जायचं तर १९६९ चा ‘एट माइल्स हाय’. त्यात बर्ड्‌ज या अमेरिकन बँडच्या गाण्यावर त्यांनी १९ मिनिटांचं बांधकाम केलं आहे. लांब वाजवत राहण्याची ताकद कुठून आली ते तिथे दिसतं. पुढे जायचं तर १९७५ चा ‘स्विच’. तो पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. अमेरिकेने दुसऱ्या ‘रडार लव्ह’ची वाट पाहिली आणि ‘स्विच’ वेगळ्याच रस्त्याने गेला, म्हणून तिथे त्याची उपेक्षा झाली. मला ती उपेक्षा आजही डाचते. या बँडने एकच वस्तू दोनदा विकायचं नाकारलं आणि त्याची किंमत मोजली.

मग १९८२ चा ‘कट’. त्यातलं ‘ट्वायलाइट झोन’ जॉर्जचं. गुप्तहेराच्या एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरून त्याला ते सुचलं. डिक मास या डच दिग्दर्शकाने केलेल्या त्याच्या व्हिडिओला एमटीव्ही या अमेरिकन संगीतवाहिनीने उचलून धरलं आणि गाणं अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे पहिल्या यशानंतर जवळपास नऊ वर्षांनी. यातही मध्यावर बेस आणि ड्रम्सची मोकळी जागा आहे. ती आली की तुम्हाला आपोआप हसू येईल, ओळखीचं माणूस अनोळखी गावात भेटल्यासारखं.

१९९२ चा ‘द नेकेड ट्रुथ’ हा विजेच्या वाद्यांशिवाय वाजवलेला. ज्यांना हार्ड रॉकचा आवाज सहन होत नाही अशा घरातल्या मंडळींना आधी हा ऐकवा.

शेवटचा स्टुडिओ अल्बम २०१२ मध्ये आला. शेवटची मैफल १६ नोव्हेंबर २०१९ ला रॉटरडॅमच्या आहॉय सभागृहात झाली. ती शेवटची ठरेल असं ठरवून झालेली नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत जॉर्जला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचं जाहीर झालं. त्यात हळूहळू स्नायूंवरचा ताबा जातो, गिटार वाजवणाऱ्या हाताचाही. बाकीच्या तिघांनी जॉर्जच्या जागी दुसरा माणूस घेऊन दौरे करायचा विचार केला नाही, बँड तिथेच थांबवला. जुलै २०२५ मध्ये जॉर्ज गेला, ७७ व्या वर्षी.

शेवटी एक करा. १९७७ चा ‘लाइव्ह’ नावाचा अल्बम काढा आणि त्यातलं ‘रडार लव्ह’ लावा. स्टुडिओतल्यापेक्षा ते बरंच लांब आहे. दणका बसेल, खाली येईल, आणि गर्दीच्या आवाजातून ती बेसची ओळ सुरू होईल. तिथे आवाज थोडा वाढवा.